सायकलची वाट नेमकी कुठे तुटते हे कसं शोधायचं? (पुणे, मयूर कॉलनी ते भांडारकर रस्ता)

मृण्मयी_कोथरूड

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण पूर्ण वाचा प्लीज.

मुलगी यंदा आठवीत गेली आणि जूनपासून एकच धोशा लावलाय, आई मी सायकलने शाळेत जाणार. शाळा भांडारकर रस्त्याच्या बाजूला, आम्ही मयूर कॉलनीत, म्हणजे जेमतेम साडेतीन किलोमीटर असेल. मी स्वतः रविवारी खडकवासल्यापर्यंत सायकल मारते, त्यामुळे नाही म्हणायला तोंडच नव्हतं. एका रविवारी सकाळी सातला तिला घेऊन गेले, मी पुढे ती मागे, मजेत पोचलो, ती म्हणाली बघ किती सोप्पंय. मग मंगळवारी खऱ्या वेळेला, पावणेसातला घराबाहेर पडलो.

आमच्या गल्ल्यांमधे काहीच प्रॉब्लेम नाही. पौड फाट्याला आलो तर डावीकडे कडेला बस उभी, मी नेहमीच्या सवयीने मागे बघून उजवीकडून बसला वळसा घातला आणि पुढे निघून गेले. मागे वळून बघते तर ही बसच्या मागच्या चाकापाशी एक पाय टेकून थांबलेली, दोन्ही बाजूंनी गाड्या जातायत, रिक्षावाला हॉर्न देतोय, आणि तिला पुढे येता येईना नि मागे जाता येईना. मी सायकल लावून चालत परत गेले तिच्याकडे. हँडल इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडलेली. रडली नाही, पण शाळेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मला हा रस्ता दिसतच नव्हता. मला जे "थोडं सांभाळून" वाटतं ते तिच्यासाठी बंद दार आहे. मग मी नकाशे बघायला लागले, शहरात सायकल ट्रॅक कुठे कुठे आहेत ते शोधलं, तुकडे तुकडे दिसतात, इथे दोनशे मीटर, तिथे अर्धा किलोमीटर, पण एकाला दुसरा जोडलेला नाही, आणि नकाशात रेघ असली तरी प्रत्यक्षात तिथे काय असेल सांगता येत नाही.

तर प्रश्न असा: तेरा वर्षांच्या मुलीला न घाबरता जाता येईल अशी वाट नेमकी कुठे कुठे तुटते, हे नीट पद्धतशीर शोधायची काही रीत आहे का? नुसतं "ट्रॅफिक फार आहे हो" असं नको, क्षेत्रीय कार्यालयात किंवा शेजारच्या सोसायट्यांकडे घेऊन जाता येईल असं काहीतरी हवंय, की ही बघा ही जागा, इथे हे अडतंय.

---

नकाशेवाला

ताई, तुम्ही अर्धं उत्तर स्वतःच लिहिलंय. "मला जे थोडं सांभाळून वाटतं ते तिच्यासाठी बंद दार आहे", या एका वाक्यावर अख्खी पद्धत उभी आहे. मी जीआयएसचं (संगणकावरच्या नकाशांचं) काम करतो त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

२०१२ मधे अमेरिकेत सॅन होजे शहरावर एक अभ्यास झाला, मेकुरिया, फर्थ आणि निक्सन असे तिघे. त्यांनी शहरातल्या प्रत्येक रस्त्याच्या तुकड्याला ताणाची पायरी दिली, १ ते ४. पायरी १ म्हणजे लहान मुलांना चालेल अशी, २ म्हणजे साध्या मोठ्या माणसाला, जो काही हौशी सायकलवाला नाही, ३ म्हणजे सरावलेल्यांना, आणि ४ म्हणजे कुणालाच नको पण काही जण छाती करून जातात. गाड्यांचा वेग, लेन किती, ट्रॅक वेगळा आहे की नुसता पट्टा, कडेला पार्किंग आहे का, आणि चौक कसा ओलांडायचा, यावरून पायरी ठरते. आता यातली खरी गोम अशी की पूर्ण वाटेची पायरी सरासरीने नाही काढत. तीन किलोमीटर छान आणि पन्नास मीटर भयंकर असेल तर अख्खी वाट भयंकर. तुमच्या मुलीने सरासरी नाही काढली ना, ती बसच्या मागे थांबली.

त्या अभ्यासात त्यांनी पुढे विचारलं की घर आणि कामाची जागा यांच्या जोड्यांपैकी किती जोड्या फक्त पायरी १ आणि २ च्या रस्त्यांनी जोडलेल्या आहेत, आणि तेही फार वळसा न घालता. सहा मैलांपर्यंतच्या प्रवासांमधे उत्तर आलं ४.७ टक्के. शांत गल्ल्या शहरात भरपूर होत्या, पण त्या एकमेकींना भेटत नव्हत्या. आणि ठरावीक ठिकाणी सुधारणा केल्या तर तोच आकडा १२.७ टक्क्यांवर जातो असं त्यांनी मोजून दाखवलं. म्हणजे किती किलोमीटर ट्रॅक झाला यापेक्षा कुठल्या जागी जोड दिला याला महत्त्व.

आता घरी बसून करायचं असेल तर असं करा. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचा डेटा फुकट मिळतो, ओव्हरपास टर्बो या वेबसाइटवरून कोथरूड-एरंडवण्याचे रस्ते उतरवा, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधे उघडा. मोठे रस्ते सगळे काढून टाका, कर्वे रस्ता, पौड रस्ता, लॉ कॉलेज रस्ता, बिनधास्त डिलीट. फक्त गल्ल्या ठेवा. मग प्रत्येक रेघेला चारपाच मीटरचा बफर द्या (म्हणजे रेघ जाड करा), डिझॉल्व्ह करा (म्हणजे एकमेकींना टेकलेल्या रेघा एक करा), आणि सुटे तुकडे वेगळे करून प्रत्येकाला वेगळा रंग द्या. तुम्हाला बेटं दिसतील, अक्षरशः बेटं. मी आत्ता पटकन करून बघितलं, मयूर कॉलनीचं एक बेट आलं, प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांचं दुसरं, आणि मधे पाणी, म्हणजे ते काढून टाकलेले मोठे रस्ते. पुणेकराला हे चित्र लगेच समजतं, कारण प्रत्येकाला आपापलं बेट माहीत असतं.

दोन गोष्टी सांभाळा. डिव्हायडर नसलेल्या मोठ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर गल्ल्या असतील तर नकाशात त्या एकाच बिंदूला टेकतात आणि बेटं खोटी खोटी जोडली जातात, प्रत्यक्षात तो रस्ता ओलांडायला पाच मिनिटं थांबावं लागतं. आणि उड्डाणपुलाखालचा रस्ता नि वरचा पूल बफरमधे एक होऊन जातात. ही सगळी ठिकाणं हाताने तपासावी लागतात, त्याला इलाज नाही.

---

पेठेतला_म्हातारा

वरचं सगळं वाचलं, चांगलं आहे, पण नकाशात जे नाही ते मी सांगतो. मी सत्तर पार केलेला माणूस आहे, पुणे सायकलींचं शहर होतं तेव्हापासून चालवतोय, अजूनही चालवतो.

मृण्मयीताई, तुम्ही पौड फाट्यावरून सरळ कर्वे रस्त्याने नळ स्टॉपला जाताय असं दिसतंय. तसं नका करू. पौड फाट्याला एकदा पौड रस्ता ओलांडलात की एसएनडीटीच्या मागून कॅनॉल रोड निघतो तो थेट लॉ कॉलेज रस्त्याला येतो. तो ओलांडून कांचन गल्लीत शिरा, पुढे प्रभात रस्त्याच्या गल्ल्या, तिथून भांडारकर रस्ता हाकेवर. म्हणजे सगळ्या वाटेत मोठे असे तीनच अडथळे, पौड फाटा, लॉ कॉलेज रस्ता आणि प्रभात रस्ता.

त्या कॅनॉल रोडचं एक वैशिष्ट्य सांगतो. तिथून पूर्वी कालवा जायचा, आणि कालव्याला पाणी वाहतं ठेवायला अगदी अलगद उतार लागतो, त्यामुळे कालव्याकाठच्या वाटेला चढ असा नसतोच. टेकडीच्या पायथ्याने जाऊनही दम लागत नाही. पुण्यात सायकलला सोयीची वाट शोधायची असेल तर आधी जुने कालवे आणि ओढे बघावेत असं माझं मत आहे, रस्ते आखणाऱ्यांच्या आधी पाण्याने सपाट वाट शोधून ठेवलेली असते.

दुसरं म्हणजे नदी. कोथरूडहून पेठेत यायचं तर नदी ओलांडणं हाच मोठा घोळ. लकडी पूल, झेड ब्रिज, भिडे पूल, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. भिडे पूल सायकलला सगळ्यात सोपा, सपाट, पण खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो पाण्याखाली. मग ऐन पावसाळ्यात वाट बंद. वाट तुटते ती फक्त जागेनेच नाही, ऋतूनेही तुटते, हे तुमच्या नकाशात कुठे लिहिणार?

---

नकाशेवाला

काका, ऋतूची गोष्ट भारी आहे, खरंच नकाशात नसते ती. मी वेगळा थर करतो, "पावसाळ्यात बंद".

नदीसारख्या सलग अडथळ्यासाठी वेगळी रीत आहे ती पण टाकतो. अडथळ्याच्या दोन्ही काठांवर समोरासमोर ठिपके घ्या, सरळ रेषेत अंतर किती आणि सोप्या वाटेने प्रत्यक्ष अंतर किती ते बघा, प्रत्यक्ष अंतराला सरळ अंतराने भागा, आकडा जितका मोठा तितका फेरा मोठा. राजाराम पूल ते म्हात्रे पूल यांच्यामधे दोनेक किलोमीटर नदी आहे, त्याच्या बरोबर मधोमध राहणाऱ्याला समोरचा काठ डोळ्याला दिसतो, हाक मारली तर ऐकू जाईल, पण पोचायला पुलापर्यंत एक किलोमीटर जा आणि पलीकडून एक किलोमीटर परत या. गाडीवाल्याला त्याचं काही वाटत नाही, सायकलवाल्याला आणि चालणाऱ्याला तेच अंतर ठरवतं की जायचं की नाही. हायवे बायपासचंही तेच, वारजे, बावधन, बाणेर इथे अलीकडचे नि पलीकडचे लोक जणू दोन गावांत राहतात.

---

रेखाटन_९

मी रस्त्याच्या डिझाइनवर काम करते (आर्किटेक्ट), तर जरा जमिनीवरचं बोलते. गॅप म्हटलं की लोकांना वाटतं ट्रॅक नाही तो भाग. पण ट्रॅक असूनही वाट तुटते आणि ती बऱ्याचदा अगदी बोटभर कारणाने तुटते.

ट्रॅक संपून रस्त्याला लागतो तिथे उतार द्यायचा असतो, तो रस्त्याशी अगदी सपाट टेकला पाहिजे. पण होतं काय की आधी फुटपाथचं काम होतं, मग कधीतरी रस्त्यावर डांबराचा थर पडतो किंवा खरवडला जातो, आणि उताराच्या टोकाला दोन-तीन इंचांची धार राहते. मोठ्या माणसाला दणका बसतो तेवढंच, पण लहान चाकाची सायकल तिरकी चढवली की चाक घसरतं आणि मूल पडतं. तुम्ही टेप घेऊन जा आणि ही धार मोजा. फोटोत टेप दिसू दे. "इथे त्रास होतो" या वाक्यापेक्षा "इथे ६ सेंटिमीटरची धार आहे" या वाक्यावर काम लवकर निघतं, हा माझा अनुभव आहे.

मग बोलार्ड. मोटरसायकली आत येतात म्हणून खांब लावतात, आणि कितीही जवळ लावले तरी मोटरसायकलचं हँडल नि सायकलचं हँडल यांच्या रुंदीत फारसा फरक नसतो, त्यामुळे जी फट सायकलला पुरते ती मोटरसायकललाही पुरतेच. फट आणखी कमी केली की अडतो तो व्हीलचेअरवाला, मागे मुलाची सीट लावलेली आई, दुधाचे कॅन लटकवलेला माणूस. मला तर वाटतं तुटलेल्या जागांच्या यादीत असे खांब पहिले लिहावेत, कारण ते काढायला जवळजवळ खर्चच नाही.

आणि चौक. इंडियन रोड्स काँग्रेसचं (रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) सायकल ट्रॅकसाठी वेगळं मार्गदर्शक आहे, आयआरसी ११, १९६२ सालचं, २०१५ मधे सुधारलेलं. त्याचा आधार देऊन पत्र लिहिलं की इंजिनिअर लोक वाचतात. बहुतेक ट्रॅक चौकाच्या अलीकडे वीसतीस मीटरवर संपतात कारण तिथे जागा डाव्या वळणाला, बसथांब्याला, रिक्षा स्टँडला हवी असते. म्हणजे जिथे सायकलवाल्याला आधाराची सगळ्यात जास्त गरज, नेमका तिथेच आधार काढून घेतलेला. तुमच्या मुलीच्या बाबतीत बसथांबा होता ना, तो अगदी ठरलेला प्रकार आहे, यावर उपाय म्हणजे ट्रॅक थांब्याच्या मागून न्यायचा, बस आणि ट्रॅक यांच्यामधे प्रवाशांना उभं राहायला ओटा ठेवायचा. त्याला जागा लागते, सगळीकडे बसत नाही, पण निदान मागणी तरी नेमकी करता येते.

---

हडपसर_ते_कॅम्प

तुमच्या चर्चेत कोथरूड नि प्रभात रोडच चाललंय म्हणून मुद्दाम लिहितोय, राग मानू नका. मी रोज हडपसरहून कॅम्पात सायकलने येतो कामाला, हौस म्हणून नाही, पेट्रोल परवडत नाही म्हणून. माझ्याबरोबर सकाळी रस्त्यावर कोण असतं, वॉचमन, पेपरवाले, बांधकामावरची पोरं, हॉटेलातले वेटर. आमच्यातला कुणी अ‍ॅप लावून सायकल चालवत नाही, त्यामुळे त्या नोंदींवरून कुठून जास्त सायकली जातात असे रंगीत नकाशे काढतात ना त्यात आम्ही नसतोच. त्यात कात्रज घाट, सिंहगड असले व्यायामवाल्यांचे रस्ते लालभडक दिसतात. त्यावरून कुणी ठरवू नका की गरज कुठे आहे.

२००६ मधे बीआरटी (बससाठी वेगळी मार्गिका) सुरू झाली तेव्हा सोलापूर रोडला कडेने सायकलचा ट्रॅक झाला होता. मी तेव्हापासून बघतोय. ट्रॅक वाईट नव्हता, पण सलग नव्हता. शंभर मीटर चाललं की दुकानापुढे गाड्या लावलेल्या, मग खाली उतरा, मग पुढे विजेच्या डीपीचा बॉक्स, परत उतरा, परत चढवा. दर दोन मिनिटांनी सायकल उचलायला लागली की माणूस ट्रॅक सोडून रस्त्यानेच जातो, मग गाडीवाले म्हणतात बघा ट्रॅक दिला तरी वापरत नाहीत.

माझी मोजायची रीत एकदम साधी आहे. घरून निघाल्यापासून पोचेपर्यंत किती वेळा पाय खाली टेकला, सिग्नल सोडून. आणि किती वेळा पूर्ण उतरून सायकल हातात धरली. माझ्या रस्त्यात एके काळी पाय टेकणं एकवीस वेळा व्हायचं, गल्ल्या बदलत बदलत मी ते नऊवर आणलंय. त्या नऊपैकी चार तर कालवा आणि रेल्वे या दोघांपायी आहेत. उजव्या कालव्यावर पूल लांब लांब, आणि रेल्वेला वरून पूल केला की सायकलवाल्याने ओझं घेऊन तो चढ चढायचा, वर गाड्या सुसाट. फाटक होतं तेव्हा दहा मिनिटं थांबायला लागायचं खरं, पण जमिनीवरून तरी जाता यायचं.

ताई तुमची मुलगी थांबली ती जागा आणि आम्ही रोज पाय टेकतो ती जागा एकच असते बहुतेक वेळा. फक्त आम्हाला सवय झालीये.

---

मृण्मयी_कोथरूड

@हडपसर_ते_कॅम्प, दादा राग कसला, तुमची पोस्ट दोनदा वाचली. पाय टेकण्याचं मोजमाप मी उद्यापासूनच वापरणार आहे, ते तेरा वर्षांच्या मुलीलाही कळतं, तिला पायरी १ पायरी २ समजावत बसायला नको.

@पेठेतला_म्हातारा काका, कॅनॉल रोडची वाट मला माहीत होती पण चालायला जातात तिकडे एवढंच डोक्यात होतं. शनिवारी जाऊन बघते.

---

गार्गी_टीवाय

कॅनॉल रोडबद्दल एक सांगते, वाईट वाटून घेऊ नका काका. मी कॉलेजला सायकलनेच जाते आणि संध्याकाळी परत येताना मी अशा शांत वाटा टाळते आणि सरळ मोठ्या रस्त्याने येते, भीती वाटत असूनही. गाड्यांची भीती वेगळी आणि सुनसान रस्त्याची वेगळी. दिवे बंद असतील, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला झाडी, मधेच चारपाच जण गाड्यांवर बसून टवाळक्या करतायत, किंवा कुत्र्यांचं टोळकं, तर ती वाट माझ्यासाठी तुटलेलीच आहे. नकाशात ती पायरी १ येईल, कारण तिथे गाड्या नाहीत.

त्यामुळे मला वाटतं एकाच वाटेचे दोन नकाशे करावेत, एक सकाळचा आणि एक दिवे लागल्यानंतरचा. माझ्या येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या आहेत आणि माझ्या बऱ्याच मैत्रिणींच्या तशाच आहेत. कुणी विचारतच नाही हे आम्हाला, सर्वे करायला येतात तेव्हा सकाळी अकराला येतात.

---

पेठेतला_म्हातारा

गार्गी, वाईट कशाला वाटेल. पन्नास वर्षांत हा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही, यायला हवा होता. माझ्या नातीशी बोलतो आज.

---

डेल्फ्टहून_पुणेकर

मूळचा सहकारनगरचा, सध्या नेदरलँड्समधे डेल्फ्टला. इथे सगळं आधीपासूनच असं होतं असा आपल्याकडे समज आहे म्हणून थोडक्यात लिहितो. सत्तरच्या दशकात इथे हेग आणि टिलबर्ग या शहरांत एकेक लांब, झकास सायकलमार्ग करून बघितला. ज्यांच्या वाटेत तो मार्ग होता त्यांना आवडला, पण शहरात सायकल चालवणारे म्हणावे तसे वाढले नाहीत. मग ऐंशीच्या दशकात डेल्फ्टने वेगळं केलं, एक भारी रस्ता करण्यापेक्षा शहरभरचं जाळं बघितलं. तीन पदरी जाळं, शहर ओलांडणाऱ्यांसाठी मोठ्या विणीचं, भागातल्या भागात फिरणाऱ्यांसाठी मधल्या विणीचं, आणि मुलांसाठी, घराजवळ, अगदी बारीक विणीचं. आणि पैसे मुख्यतः जोड द्यायला खर्च केले, इथे एक छोटा पूल, तिथे रेल्वेखालून बोगदा, कुठे एकेरी गल्ली सायकलला दोन्हीकडून खुली केली.

ते शेवटचं पुण्यात फार उपयोगी पडेल असं मला कायम वाटतं. फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता दोन्ही एकेरी आहेत, उलट्या दिशांनी. सायकलवाल्याला नियमाने जायचं तर केवढा फेरा पडतो, मग तो उलट्या बाजूने येतो आणि शिव्या खातो. जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ रुंद करून तिथे सायकलसाठीही जागा काढली हे चांगलंच झालं, पण त्याच्या दोन्ही टोकांना पुढे काय हा प्रश्न उरतोच. २०१७ मधे पुण्याची सायकल योजना मंजूर झाली तिच्यातही शहरभरचं जाळंच आखलेलं आहे, म्हणजे आपल्याकडे विचार नव्हता असं नाही. मृण्मयीताई, त्या योजनेच्या नकाशात तुमच्या वाटेवर काय दाखवलंय ते बघून ठेवा, कार्यालयात "हे तुमच्याच आराखड्यात आहे" असं म्हणता आलं तर बोलणं सोपं जातं.

---

रेखाटन_९

+१, आणि ताई, जाल तेव्हा सगळी यादी एकदम देऊ नका. एक जागा निवडा. अशी जागा जी जोडली तर जास्तीत जास्त घरं त्या बेटातून बाहेर पडतील. नकाशेवाला, तुम्ही ती बेटं केलीत त्यात मोजता येईल ना, कुठला एक जोड दिला तर सगळ्यात मोठी दोन बेटं एक होतात?

---

नकाशेवाला

येतं ना, केलं पण. प्रत्येक संभाव्य जोड एकेक करून घालायचा आणि बेटं परत मोजायची, घाई नाही, संगणक करतो. या भागापुरतं उत्तर अपेक्षेप्रमाणेच पौड फाटा आलं. लॉ कॉलेज रस्ता ओलांडायचा जोड दुसरा. पौड फाट्याचं कारण नकाशात एकदम स्पष्ट दिसतं, एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला कर्वे रस्ता, त्यामुळे मयूर कॉलनीतून पूर्वेला जायचं म्हटलं की सगळं तिथेच येऊन अडतं, नरसाळ्याच्या तोंडासारखं. तिथे एक नीट जोड मिळाला तर कोथरूडमधल्या किती गल्ल्या एरंडवण्याला जोडल्या जातात ते मी चित्र करून टाकतो, दोन नकाशे शेजारी शेजारी, आधीचा नि नंतरचा.

---

मृण्मयी_कोथरूड

मंडळी, दोन आठवड्यांनी लिहितीये, उशीर झाला पण हातात काहीतरी घेऊनच यायचं होतं.

आम्ही दोघींनी चार फेऱ्या केल्या, तीन सकाळी शाळेच्या वेळेला आणि एक संध्याकाळी सातला, गार्गीने सांगितलं म्हणून. या वेळी मुलगी पुढे आणि मी मागे, हे मुद्दाम. तिला सांगितलं होतं, जिथे पाय टेकावासा वाटेल तिथे टेक, मला दाखवायला म्हणून धाडस करू नको. मी मागून फक्त बघायचं आणि फोनवर जागेचा फोटो काढायचा. पुढे असताना मला यातलं काहीच दिसलं नव्हतं. ती वळायच्या आधी किती वेळ मागे बघत राहते, मागून गाडीचा आवाज आला की हँडल कसं डावीकडे ओढलं जातं आणि चाक पेव्हर ब्लॉकच्या कडेला घासतं, हे सगळं मागून दिसतं.

जुन्या वाटेने पाय टेकणं चौदा वेळा. काकांच्या कॅनॉल रोडच्या वाटेने सहा. त्या सहातले तीन एकट्या पौड फाट्यावर, एक लॉ कॉलेज रस्ता ओलांडताना, एक प्रभात रस्त्याला, आणि सहावा आमच्याच घराजवळ, ज्याचा मी कधी विचारच केला नव्हता. आमच्या मागच्या सोसायटीचं छोटं गेट बंद असतं म्हणून आम्ही मोठ्या रस्त्याला वळसा घालून येतो, त्या वळशात डाव्या वळणावर बांधकामाचे ट्रक लागलेले असतात. गेट उघडं असेल तर तो वळसाच जातो. चेअरमनकाकांकडे गेले, चहा झाला, त्यांना तो बेटांचा नकाशा दाखवला, त्यांनी आपली बिल्डिंग कुठल्या रंगात आहे ते आधी शोधलं. म्हणाले कुलूप चोऱ्यांमुळे लावलं होतं, पण सकाळी साडेसहा ते साडेसात वॉचमन तिथेच असतो, तेवढा वेळ उघडं ठेवू. परवापासून उघडं आहे. तिथल्या दोन मुलीही आता सायकलने यायचं म्हणतायत.

लॉ कॉलेज रस्त्याच्या अलीकडे उताराला धार आहे, टेप लावून मोजली, साडेपाच सेंटिमीटर. फोटो, मोजमाप, आणि आयआरसी ११ चा उल्लेख असं एक पानी पत्र दिलंय, पोच घेतलीये. पौड फाट्यासाठी वेगळं पत्र, त्याला नकाशेवाल्यांची दोन चित्रं जोडली. तिथे मी एकच मागणी लिहिलीये, पौड रस्ता ओलांडायला चालणाऱ्यांना नि सायकलला पुरेसा वेळ देणारा सिग्नल. ती होईपर्यंत फाट्यावर उतरायचं आणि हातात सायकल धरून माणसांबरोबर चालत ओलांडायचं असं आमचं ठरलंय, त्याला तीन-साडेतीन मिनिटं जास्त लागतात, म्हणून घरून तेवढं आधी निघतो.

संध्याकाळच्या फेरीत कॅनॉल रोडवर एका ठिकाणी सलग चार दिवे बंद होते, खांबांचे नंबर लिहून घेतलेत, तक्रार टाकते आज. क्लास संपून ती सातला परत येते त्या दिवशी मी घ्यायला जाणार, ते दिवे दुरुस्त होईपर्यंत.

कालपासून शाळेला सायकलने जातीये, पहिला दिवस मी सोबत होते, आज मैत्रिणींबरोबर गेली. दुपारी साडेबाराच्या परतीची फेरी अजून तपासायची आहे, तेव्हा लॉ कॉलेज रस्त्याला दोन्ही बाजूंनी शाळेच्या व्हॅन लागलेल्या असतात असं ती सांगत होती. गुरुवारी अर्धा दिवस रजा टाकलीये, जाऊन मोजते आणि इथेच लिहिते.

@हडपसर_ते_कॅम्प दादा, तुमच्या त्या नऊ जागा कुठल्या ते लिहून पाठवाल का, नकाशेवाले त्याच पद्धतीने तिकडचाही नकाशा करायला तयार आहेत, मी विचारलंय त्यांना.